चौदा नंबर

एकतीस वर्षं मी कॉलेजला गोगलगायी पुरवल्या.
प्राणिशास्त्र, दुसरा मजला, मागची प्रयोगशाळा.
पोरं मला घुले मामा म्हणायची,
मॅडमसुद्धा.
बुधवारी पाषाणच्या तळ्यावरून डबा भरून यायचा,
मी रजिस्टरात लिहायचो: गोगलगाय, नग चाळीस.
मग गरम पाणी, मेणाचा ट्रे, टाचण्या.
शंख फोडायचं काम माझ्याकडे.
आतलं न दुखवता फोडायचा,
ते मामांनाच जमतं, म्हणायचे.

आता धायरीत तळमजला,
खिडकीपासून कुंपणापर्यंत साडेचार पावलं माती.
नर्सरीतून पुडी आणली, वर नाव लांबलचक, इंग्रजी.
नर्सरीवाला म्हणाला, डॉग फ्लॉवर म्हणा काका, सगळे तेच म्हणतात.
बी कसलं, तपकीरच.
एक शिंक आली असती तर बाग गेली असती.
घटस्थापनेला वाळूत कालवून पेरलं,
वर माती घातली नाही.
याला उजेडात रुजायचं असतं.

दिवाळीत अवकाळी भुरभुर झाली
आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे,
अंगाला तेल लागायच्या आत,
फरशीवर दिसली चकाकती रेघ,
कुणी घाईत केलेल्या सहीसारखी.
सत्तावीस रोपांतली अकरा देठापासून गायब.

पिंगळे वहिनी म्हणाल्या, मीठ.
वरच्या मजल्यावरचा अद्वैत म्हणाला, बशीत बिअर ठेवा मामा,
पितात आणि मरतात.
सून म्हणाली, बिअर नक्की कुणासाठी?

मीठ घेतलं होतं मी, चिमूटभर.
मीठ पडल्यावर काय होतं ते मी पाहिलंय,
तो फेस, ते आत आत ओढून घेणं.
पोरी तोंड फिरवायच्या.
मी पगारी माणूस, कसा फिरवणार?
चिमूट परत बरणीत टाकली, हात धुतला.

रात्री बॅटरी घेऊन बसलो.
आधी आल्या बिनघराच्या, ओल्या बोटासारख्या,
मागून शंखवाल्या, सामानासकट.
म्हण आहे ना, गोगलगाय अन् पोटात पाय.
पुस्तकात उदरपाद लिहितात: पोट हाच पाय.
म्हण करणाऱ्यानं उलटी करून बघितली असणार.

बावीस शंखवाल्या भरल्या.
रेवूच्या नेलपॉलिशनं पाठीवर आकडे घातले,
सवय, दुसरं काय,
आणि भिंतीपलीकडच्या गाजरगवतात सोडल्या.
तिसऱ्या रात्री चौदा नंबर परत हजर,
त्याच कुंडीवर, त्याच रोपापाशी.
पाच फुटांची भिंत, वर फुटक्या बाटल्यांच्या काचा.
काचेवरूनही जातात त्या, स्वतःच्याच लाळेवरून,
हे मला माहीत होतं,
बघितलं नव्हतं.

बाकीच्या स्कूटरवरून लांब कालव्यावर नेल्या.
चौदाला फुटक्या कुंडीत ठेवलं,
रोज मुळ्याचा पाला.
जुन्या रजिस्टरात मागच्या कोऱ्या पानावर
लिहून टाकलं: गोगलगाय, नग एक, शिल्लक.

संक्रांतीनंतर फुललं.
नऊच झाडं, पिवळी आणि पानाच्या पिंकेसारखी लाल.
रेवू दोन बोटांत फुलाचा जबडा दाबते,
तोंड उघडतं, मिटतं, आवाज नाही.
मामा, हे काय म्हणतंय?
(तीही मामाच म्हणते, आजोबा नाही.)
म्हटलं, अजून लहान आहे ते, बोलायला लागलं की सांगतो.

होळीला झाडं वाळली.
बोंडं बघितली आणि चष्मा पुसला:
एवढ्याएवढ्या कवट्या, डोळ्यांची भोकं, आ वासलेलं तोंड.
आमच्या कपाटात एक होती, खरी,
तिच्यावरची धूळ शनिवारी मी पुसायचो.
चौदा मीटरच्या पेटीमागे चिकटलेली,
दारावर पापुद्रा ओढून झोपली.
पावसापर्यंत उठणार नाही.

कवटी उलटी केली,
डोळ्यांतून तपकीर सांडली तळहातावर.
पुडीला कागद हवा होता.
रजिस्टरचं एक पान फाडलं,
नग चाळीस, खाली माझी सही.